छायाचित्रातल्या कागदाबाबत खुलासा

प्रति,
मा. प्राचार्य,
ज्ञानसरिता कला व वाणिज्य महाविद्यालय,
बारामती.

विषय : कु. मेघना संघपाल लोंढे (द्वितीय वर्ष, कला) हिला परीक्षेसाठी लेखनिक व जादा वेळ परत मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या परीक्षा विभागाचे पत्र, दि. २४ फेब्रुवारी २०२५.

महोदय,

अर्जदार गंगाराम बाळू लोंढे, रा. लासुर्णे, ता. इंदापूर, हे एस.टी.चे सेवानिवृत्त वाहतूक नियंत्रक असून मेघनाचे आजोबा आहेत. तीस वर्षे त्यांनी स्टँडच्या खिडकीत बसून गाड्या पुकारल्या. सगळ्या गाड्या तोंडपाठ होत्या, तरी हातात कागद धरल्याशिवाय एकही पुकारली नाही. ही सवय पुढे नडली, म्हणून आधीच नमूद केली आहे.

१. मेघनाच्या डोळ्यांपुढे छापील ओळ आली की अक्षरे जागा सोडतात. शाळेत तिला आळशी म्हटले गेले, ढ म्हटले गेले, शेवटी तिने वर्गात तोंड उघडणेच सोडले. बारावीनंतर तपासणी झाली तेव्हा कळले की ही अध्ययन अक्षमता आहे, आळस नव्हे. प्रमाणपत्र आपल्या दप्तरी आहेच.

२. आपल्या विद्यार्थी साहाय्य कक्षाच्या राजलक्ष्मी मॅडम यांनी तिला धडे ऐकायला दिले, उत्तरे तोंडी मांडायला शिकवली, परीक्षेत लेखनिक आणि तासाला वीस मिनिटे जादा मिळवून दिली. पहिल्या वर्षी ती सगळ्या विषयांत पास झाली. घरी तर इतकी बोलू लागली, की अर्जदाराची पत्नी रंगुबाई म्हणाल्या, "हिला कुनीतरी गप करा गं बया, कुकरची शिट्टीबी ऐकू येत न्हाय." ही तक्रार नसून कौतुक आहे, याची नोंद घ्यावी.

३. दि. २६ नोव्हेंबर रोजी संविधान दिनाला मेघनाने उद्देशिकेवर बारा मिनिटे भाषण केले. महिनाभर ऐकून ऐकून तिने ते पाठ केले होते व ती मोकळ्या हाताने निघाली होती. अर्जदाराने तिला दारात अडवले. "पोरी, हातात कागद न्हाय तर लोकं ऐकत्यात व्हय?" असे म्हणून कोनाड्यात हाताला लागला तो कागद घडी घालून दिला. म्हाताऱ्याचे मन राखायला तिने तो घेतला.

४. भाषणाचे छायाचित्र 'वाचन करताना कु. मेघना' अशा ओळीसह महाविद्यालयाच्या फलकावर लागले. ते परीक्षा विभागातील लिपिक श्री. ज्ञानेश यांनी पाहिले आणि संदर्भीय पत्र आले. त्यात लिहिले आहे, की सदर विद्यार्थिनी कागद वाचून न अडखळता बोलत असल्याने तिला साहाय्याची गरज उरलेली नाही. अर्जदार समक्ष भेटले असता ज्ञानेशराव म्हणाले, "आजोबा, वाचता येत न्हाय तर कागद धरला कशाला?" अर्जदाराकडे उत्तर होते, पण सांगायची लाज वाटली. त्यांनी काढता पाय घेतला.

५. म्हणजे कक्षाने मुलीला धीट केले, आणि धीट झाली म्हणून कक्षाची मदत बंद झाली. ती मंचावर रडली असती तर लेखनिक शाबूत राहिला असता. श्री. ज्ञानेश यांना चष्म्यातून स्वच्छ दिसते, म्हणून त्यांचा चष्मा आजवर कोणी जमा करून घेतलेला नाही.

६. पत्र आल्या दिवशी मेघनाने पुस्तके पेंडीच्या रिकाम्या पोत्यात भरून माळ्यावर टाकली. "मला न्हाय बसायचं परीक्षेला," एवढेच बोलली. त्यानंतर सहा दिवस घरात कुकरची शिट्टी स्पष्ट ऐकू येत होती. आम्हाला ती शिट्टी नको आहे, साहेब, आम्हाला आमची पोर बोलती हवी आहे.

७. सबब लाज बाजूला ठेवून सदर कागद सोबत जोडला आहे. तो डाळिंबावरील तेल्या रोगाचे माहितीपत्रक आहे. छायाचित्र मोठे करून पाहिल्यास मेघनाच्या अंगठ्याजवळ अर्धे डाळिंब दिसते. पत्रकात फवारणीची माहिती आहे, संविधानाचा उल्लेख कोठेही नाही. चूक सर्वस्वी अर्जदाराची आहे. तिची शिक्षा नातीला नको. पहिला पेपर १७ मार्चला आहे, तत्पूर्वी आदेश व्हावेत.

८. आज सकाळी अर्जदार हा अर्ज लिहायला बसले आणि दुसऱ्याच ओळीत अडकले. मेघना चुलीपाशी बसून बघत होती. शेवटी म्हणाली, "आजोबा, असं न्हाय. मी सांगते, तुमी लिवा." तेव्हा वरील मजकूर मेघनाचा असून हात फक्त अर्जदाराचा आहे. तासाभराचे काम एक तास वीस मिनिटांत झाले. लेखनिकाने मनाचे काही घालू नये असा नियम असल्याचे तिने बजावले आहे. तरी परिच्छेद सहामधले शेवटचे वाक्य अर्जदाराने मनाचे घातले. ती खोडायला सांगत होती, खोडलेले नाही.

आपला नम्र व कागदापुरता दोषी,
गंगाराम बाळू लोंढे
(अर्जदार तथा लेखनिक)

लासुर्णे, दि. ३ मार्च २०२५

सोबत :
१) संदर्भीय पत्राची प्रत.
२) छायाचित्र, मोठे केलेले.
३) तेल्या रोगाचे माहितीपत्रक, मूळ प्रत. पाहून झाल्यावर परत मिळावे, बागेला फवारणी करायची आहे.