साहेबांच्या टाकीचं झाकण

६ एप्रिल
लेक होस्टेलवरून वीस तारखेला येतेय. तोवर तिचा लाडका गोल्डफिश माझ्या ताब्यात. गाल फुगवून बसतो म्हणून त्याचं नाव साहेब. उघडी टाकी अगदीच गबाळी दिसते. प्लायवूडचं बंद झाकण करणार. आत दिवे. लेक बघतच राहील.

८ एप्रिल
झाकण तयार. फट म्हणून नाही. आत चार दिवे. बायकोने विचारलं, आतली गरम हवा जाणार कुठून? तिला फिनिशिंगमधलं काही कळत नाही.

९ एप्रिल, संध्याकाळ
साहेब सारखे वर येऊन तोंड उघडतात, मिटतात. काम आवडलेलं दिसतंय.
बायकोने पाण्यात बोट घातलं. म्हणाली, यात आंघोळ होईल. थर्मामीटर लावला. बत्तीस. थर्मामीटर स्वस्तातला आहे.

१० एप्रिल
नवा थर्मामीटर. हाही बत्तीसच दाखवतो. साहेब एका कुशीवर कलले. लेकीला काय तोंड दाखवू?
मागे, दिसणार नाही असं एकच भोक पाडून जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला. पुढून पॉलिश शाबूत.

१२ एप्रिल
ऑफिसातून आलो तर पाणी सव्वीस! साहेब झकास. पंखा तर इतका शांत की चालू आहे हे कळतही नाही. ऑफिसात हेडक्लार्कला व्हेंटिलेशन समजावून सांगितलं. त्याला नेमका तेव्हाच फोन आला.

१४ एप्रिल
टाकीमागे स्वयंपाकघरातली पळी सापडली. या घरात एक वस्तू जागेवर असेल तर शपथ.

१७ एप्रिल, रविवार
बायको माहेरी. मी दिवसभर घरी. पाणी एकतीस! साहेब पुन्हा कलले. फोन लावला. बायको म्हणाली, आधी दिवे बंद करा, झाकण उचला आणि खाली पळी अडकवा.
मी ऑफिसला गेलो की ती रोज हेच करायची आणि मी यायच्या आत पळी काढायची. पंखा म्हणे वाफेचं पाणी जाऊन पहिल्याच दिवशी बंद पडला. मग बोलली का नाहीस, विचारलं. तर म्हणे, तुम्ही इतके खुशीत होतात, सांगवेना.

२० एप्रिल
लेक आली. साहेब ठणठणीत. पळीवर टेकलेलं झाकण बघून तिने कौतुकाने विचारलं, ही युक्ती कुणाची?
मी तोंड उघडलं. मिटलं.
बायको म्हणाली, बाबांची.
पळी आता साहेबांचीच. स्वयंपाकघरासाठी नवी आणायला मला पिटाळलंय.