गाडी अकोल्यात उभी होती

मेडशी, ता. मालेगाव, जि. वाशीम
दि. १३ नोव्हेंबर २०२५

चि. उत्कर्ष यास,
सप्रेम जय भीम व आशीर्वाद.

पाकीट पाहून दचकू नकोस. तुझ्या बापाला फोन करता येतो अजून. पण फोनवर तू विचारतोस, "बाबा, गाडी कशी आहे?" मी म्हणतो, "चांगली आहे." तेवढ्यात तुझी मीटिंग लागते. सहा आठवडे झाले, तेव्हा म्हटलं एकदा सविस्तर लिहून टाकावं. तू बंगळूरहून बुक केली, दारात आणून उभी करवली, तर तुला कळायला पाहिजे. बाकी इकडे सोयाबीन निघालं, जरा ओलंच निघालं. तूर फुलावर आहे.

तर गाडी.

सगळ्यात आधी तिचा वास. नव्या प्लास्टिकचा वास आणि त्यावर शोरूमवाल्यांनी फवारलेलं काहीतरी गुलाबाचं. तीस वर्षं एस्टी चालवली. डिझेल, घाम, टोपल्यातल्या कोंबड्या, घाटातल्या उलट्या, सगळं नाकाखालून गेलं. कधी तोंड वाकडं केलं नाही. पण या वासाने मला शिसारी येते. सीटचा रंग दुधाच्या सायीसारखा. शेतातून येणारा माणूस त्यावर बसणार कसा, हा विचार तो रंग निवडणाऱ्याने केलेला दिसत नाही. तुझी आई पहिले आठ दिवस जुनी चादर अंथरून बसली.

गिअर टाकायचा नाही, क्लच नाही. डाव्या पायाला बसल्या बसल्या मुंग्या येतात. पातूरच्या घाटात खड्डा चुकवायला स्टिअरिंग वळवलं की ते मला उलटं ओढतं, मी म्हणे पांढरी रेघ ओलांडली. त्या घाटात मी पंचावन्न माणसं घेऊन धुक्यातून उतरलेलो आहे, आणि ही मला रेघ शिकवते.

शिवाय आतली ती बोलणारी बाई. मी सरळ म्हटलं, "काच खाली कर वं माय." तिने मला हिंदीत जवळची तीन हॉटेलं सांगितली. मागे दौलतसिंग बसला होता, तोच आपला जीपवाला, तुला मालेगावच्या शाळेत सोडायचा. तो हसून हसून लोळायचा बाकी राहिला. म्हणे, "सतीशभाऊ, हे गाडी तुमचं आयकत नाई. तुमालेच आयकवते."

आणि दिवसभर टुंग टुंग. दार नीट लागलं नाही, टुंग. मागे कुत्रं आलं, टुंग. सीटचा पट्टा लावला नाही तर जीव खाते. तुझी आई पट्टा लावायची आणि वाटभर एका हाताने तो छातीपासून दूर धरून बसायची. मी खेकसायचो, "सोड ना थो पट्टा, काहून ताणून राह्यली?" ती म्हणायची, "रुतते मले." एके दिवशी तिने पट्टा पाठीमागून नेऊन खटक्यात अडकवला. टुंग टुंग बंद. मी हसलो. दौलतसिंगलाही सांगितलं, आमच्या हिने गाडीला फसवलं म्हणून.

गाडी तुझ्या मोबाइलवर माझ्या चालवण्याचे मार्क धाडते, तू मला पाठवलेले ते मार्कही पोचले. या आठवड्यात बाबांना शंभरपैकी एकसष्ट. विनाअपघात सेवेचा बिल्ला आहे माझ्याकडे, महामंडळाने छातीवर लावलेला. जोरात ब्रेक दाबला म्हणून मार्क कापले म्हणतोस. घोड्याएवढी रोही रानातून आडवी आली होती रे. दाबला नसता तर ती काचेतून मांडीवर आली असती. पण एक मानलं. ब्रेक दाबून मी कपाळाचा घाम पुसतो न पुसतो तोच तुझा फोन आला. "बाबा, गाडीला काही झालं नाही ना?"

दोन पानं गाडीवर गेली. ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते अजून लिहिलं नाही. आता लिहितो.

ऑक्टोबरच्या सत्तावीस तारखेला आम्ही पातूरला गेलो होतो. नाक्यावर पोलीस होते, म्हणून मी तिला पट्टा नीट पुढून लावायला लावला. एक म्हैस मध्ये आली, मी ब्रेक दाबला, पट्टा आवळला गेला आणि तुझी आई ओरडली. मी तिला असं ओरडताना तुझ्या जन्माच्या वेळी ऐकलं होतं, त्यानंतर नाही. गाडी बाजूला घेतली. विचारलं, काय झालं. तिने आधी पट्टा सोडवला. मग पदर डोळ्याला लावून म्हणाली, "गाठ हाय. पोळ्याच्या आंधीपासून हाय. सोयाबीन निघू दे म्हटलं, मंग सांगू."

म्हणजे मी रोज तिच्यावर खेकसत होतो तेव्हा तिला तिथेच रुतत होतं. आणि मी त्यावर हसलो, लोकांना हसवलं.

दुसऱ्या दिवशी अकोल्याला नेलं. गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला. ताप चढला म्हणून तीन दिवस ठेवून घेतलं.

मी तुला फोन केला नाही. तू विचारशील का नाही केला, तर खरं सांगतो. माझ्या डोक्यात बसलं होतं की तुला सगळं दिसतं. रोही आडवी आली तर दोन मिनिटांत फोन येतो. मग गाडी रात्रंदिवस दवाखान्याच्या आवारात उभी आहे, हेही दिसणारच. बघू, म्हटलं, पोरगा विचारतो का. मी तुझी परीक्षा घेत बसलो. तुझी आई सलाईनखाली असताना.

आणि तुझा फोन आलाही. दुसऱ्या दिवशी दुपारी. "बाबा, गाडी कालपासून अकोल्यात एकाच जागी उभी आहे."

म्हटलं, आता विचारेल. मी फक्त "हो" म्हणालो.

तू म्हणालास, "उन्हात तर नाही ना? डॅशबोर्ड खराब होतो. डिक्कीत कव्हर आहे, ते टाका."

मी म्हणालो, "टाकतो."

तू म्हणालास, "मग ठीक," आणि ठेवलास.

मला तुझी किळस आली उत्कर्ष. शब्द कडू आहे, खोडत नाही. ज्या पोराला तापात खांद्यावर टाकून मी अर्ध्या ड्युटीवरून धावत आलो, त्याला मोबाइलवर गाडीचा ठिपका कुठे उभा आहे हे दिसतं, आणि तिथे काय आहे हे विचारावंसं वाटत नाही. पण पुढचं ऐक. फोन ठेवल्यावर मी काय केलं? खाली गेलो आणि कव्हर टाकलं. वर वॉर्डात तुझी आई एकटी पडली होती आणि मी चारही बाजूंनी इलास्टिक ओढून नीट बसवत होतो. ते आठवलं की मला माझीच जास्त शिसारी येते.

वर गेलो तर तिने विचारलं, "उत्कर्षचा फोन होता का?"

"हो."

"काय म्हणे?"

"तुयाबद्दलच इचारे. सुट्टी काढून राह्यला."

हे माझं खोटं. त्यानंतर दोन दिवस वॉर्डाचं दार वाजलं की ती उशीवरून मान उचलायची. शेजारच्या खाटेवरच्या जमनाबाईला तिने सांगून ठेवलं, माझा मुलगा येऊन राह्यला. तू आला नाहीस. आम्ही घरी आलो. तरी तुझ्यावर तिने एक शब्द काढला नाही. उलट मलाच म्हणते, "नवी नोकरी हाय त्याची. कुठून येईन थो? तुमी त्याले बोलू नका." तिच्या लेखी तुला सगळं माहीत आहे, दोन आठवड्यांपासून. हा डाग मी तुझ्यावर लावला, आणि ती तो दिवसभर पुसत असते.

आठ तारखेला रिपोर्ट आला. कॅन्सरच आहे. ऑपरेशन अकोल्यालाच, सोमवार, चोवीस तारखेला सकाळी दहाला. डॉक्टर म्हणतात अजून वेळ गेलेली नाही, पण आता पुढे ढकलू नका. ती सगळ्याला हो म्हणते. फक्त एक धरून बसली आहे. "उत्कर्ष आल्याबिगर मी आत जात नाई." मी समजावलं, चिडलो, हात जोडले. ती फिरून तेच म्हणते.

आल्यावर तिला खरं सांगायचं की माझं खोटं सांभाळून घ्यायचं, ते तू ठरव. तू काय सांगशील त्याला मी मान डोलवीन. तिच्यासमोर मला चार शिव्या दिल्यास तरी चालतील. पण चोवीसच्या आधी तिच्यासमोर उभा राहा.

आम्ही दौलतसिंगच्या जीपने जाणार आहोत. तिला आता पट्टा सोसत नाही, आणि मला त्या गाडीत बसवत नाही. तेव्हा त्या दिवशी मोबाइल पाहशील तर गाडी मेडशीत, घरासमोर, सावलीत उभी दिसेल. कव्हर टाकलेलं असेल.

आम्ही घरी नसू.

तुझा बाप,
सतीश