नळाच्या दिवशी चंपी

१ एप्रिल १९९६, सोमवार
सत्यशीला रविवारी येणार. बाळंतपणाला अंबडला माहेरी गेली, तेव्हापासून घरात मी एकटा. मुलीला सव्वा महिना झाला. बारसं आमच्याच घरी, हा माझा आग्रह. सासरे रामराव नाइलाजाने हो म्हणाले. सासूबाईंचा निरोप: बाकी काही करू नका, पाणी तेवढं भरून ठेवा. नळ आठवड्यातून एकदा, शुक्रवारी. प्राध्यापकाला सांगायचं काम हे.
स्टाफरूममध्ये एका साप्ताहिकात लेख वाचला. रोजच्या कामाबद्दल स्वतःला छोटंसं, परवडणारं बक्षीस द्यावं. इतरांना हे झेपणार नाही. बद्रीनाथसरांचं बक्षीस म्हणजे गुटख्याची पुडी. मी उद्यापासून सुरू करतो.

२ एप्रिल
काम: ड्रम घासणे. बक्षीस: रसवंतीत आल्याचा रस. ऊन फार, म्हणून बक्षीस आधी घेतलं. मग झोप आली.

३ एप्रिल
ड्रम घासला. त्यासाठी उरलेलं पाणी ओतून दिलं. शेजारच्या झुंबरबाई भिंतीवरून म्हणाल्या, सर, काय करून राह्यलात, पाणी कुणी ओततं का. शिळ्या पाण्यात जीव अडकलेली माणसं. बक्षीस: चंदनाचा साबण. आंघोळीला पाणी नव्हतं. वास घेतला.

४ एप्रिल
झुंबरबाई पुन्हा. उद्या चावी देऊन जा, तुम्ही नसले तर मी भरते. सांगितलं, माझ्या घरचं मी बघतो. म्हणाल्या, बराबर आहे सर, पण नळाला कुठं टाइमटेबल कळतंय. आणि हसल्या.
बक्षीस: कुल्फी. ठाम नकाराबद्दल.

५ एप्रिल, दुपार
नळ संध्याकाळी सहाला. तासभर उभं राहायचं. एवढ्या कामाला मोठं बक्षीस हवं, आणि तेही आधी. अंगात बळ येतं. मस्तगडला वसंता न्हाव्याकडे चंपी.

रात्री
नळ तीनला आला, चारला गेला. मी खुर्चीत, तोंडावर गरम टॉवेल. वसंता म्हणाला होता, बायका हंडे घेऊन पळून राह्यल्या, सर. मी म्हणालो, पळू दे. झुंबरबाई विचारत होत्या, कुठं गेल्ते. दाराला कुलूप, नळ आत. नगरपालिकेला शिस्त नाही.

६ एप्रिल
टँकरवाला म्हणाला, सोमवारी. मी प्राध्यापक असल्याचं सांगितलं. म्हणाला, मंग मंगळवारी.
झुंबरबाईंनी दोन हंडे दिले. दोन हंड्यांत बारसं होऊ शकतं. लोकांनी उगाच सवयी वाढवून ठेवल्यात. बक्षीस नाही.
नंतर एक पान खाल्लं. मनस्तापाबद्दल.

७ एप्रिल
जीप आली. सासूबाईंनी आधी ड्रमचं झाकण उघडलं. म्हणाल्या, जावईबापू, लेकराला न्हाऊ कशानं घालू, तुमच्या डोक्यावरच्या तेलानं? रामराव जीपमधूनच ड्रायव्हरला म्हणाले, वळव. सत्यशीला उतरलीच नाही. मुलगी झोपलेली. टोपरं दिसलं.
एवढ्या उन्हात थांबण्यापेक्षा परत जाणंच योग्य. मीही तेच सुचवणार होतो.

१२ एप्रिल, शुक्रवार
रजा काढली. सकाळपासून नळाशी खुर्ची टाकून बसलो. ड्रम, हंडे, पातेली, वाट्यासुद्धा भरल्या.
बारसं काल अंबडला झालं. झुंबरबाईंना बोलावणं होतं. संध्याकाळी भिंतीवरून मला पेढा दिला. नाव छान ठेवलंय, मी म्हणालो. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, शिवकन्या.