एक्केचाळीस देव, पॉइंटसकट

रविवार, १ सप्टेंबर. सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. रोज अर्धं पान. कारणाशिवाय खाडा नाही.

नोंदीसाठी लिहून ठेवतो. गेली अकरा वर्षं दर रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर खेळ चालतो. तलवारी, राक्षस, जादू, सगळं तोंडी. खरे फक्त फासे. खेळाडू तीन. डेंटिस्ट मांत्रिक होतो, मेहुणा चोर होतो आणि वरच्या मजल्यावरच्या रिटायर्ड गणिताच्या बाई कुऱ्हाड घेऊन लढतात. जग मी चालवतो. टेबलाच्या टोकाची खुर्ची माझी. पुढे पुठ्ठ्याचा आडोसा, मागे माझे कागद.

अकरा वर्षांत एकच उणीव राहिली. राक्षसांना पॉइंट आहेत. घोड्यांना आहेत. मागे एका खेचरालाही दिले. देवांना नाहीत. देव नुसतेच 'महान'. किती महान? कुठेच लिहिलेलं नाही. मी चोवीस वर्षं लिफ्ट तपासतोय. प्रत्येक लिफ्टमध्ये पाटी असते : सहा माणसं, चारशे आठ किलो. पाटी नसेल तर मी सील ठोकतो, मग आत कोणीही अडकलेलं असो. देवांना वेगळा नियम का म्हणून?

संकल्प : पुढच्या रविवारपर्यंत एक्केचाळीस देव पूर्ण.

बुधवार, ४ सप्टेंबर
दोन दिवस लिहिलं नाही. कारण होतं, सबब खाडा नाही.

अठरा देव झाले. अंधाराचा धनी : आयुष्य ९०० पॉइंट, ताकद ४०, राग ३८, वजन चार टन. नद्यांची आई : दया १५. झोपेच्या देवाला चपळाई किती द्यावी यात ऑफिसचे दोन तास गेले. साहेबांनी काय चाललंय विचारलं. क्षमता तपासतोय म्हणालो. खोटं नव्हतं.

संध्याकाळी बायकोला वाचून दाखवलं. ती ऑपरेशन थिएटरची नर्स. ड्यूटीवरून येऊन गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. डोळे मिटून सगळं ऐकलं. मग म्हणाली, "त्याच्याकडे किती आहे हे एकदा कळल्यावर त्याला घाबरणार कोण?"

तिला सिस्टिम कळत नाही. तिचा दोष नाही, ती कधी खेळलेली नाही.

रविवार, ८ सप्टेंबर. रात्री ८.००
एक्केचाळीस पूर्ण. प्रत्येक खेळाडूला छापील प्रत दिली. वातावरण गंभीर होईल अशी अपेक्षा होती. झालं उलटंच. पहिला तास देव निवडण्यातच गेला, तोही फ्रिज घ्यायला आल्यासारखा. मेहुणा म्हणाला, दया पंधरावाली नको, जरा वरचं मॉडेल दाखवा. डेंटिस्टला दोन देव एकत्र घेतल्यास काही सवलत आहे का ते हवं होतं.

मग मी अंधाराच्या धन्याला आणलं. आवाज खोल काढला. खिडकीचा पडदा ओढला. डेंटिस्ट दचकला असावा. बाईंनी मात्र चष्मा लावला, प्रत चाळली आणि पेन्सिल मागितली. त्यांचं म्हणणं असं की, धन्याकडे दिवसाला तीनच विजा आहेत. तिघांनी एकेक वाटून घेतली की तो दुसऱ्या सकाळपर्यंत नुसता उभा. तिघे मिळून दर फेरीला पन्नास पॉइंट कापणार, तो वीस भरून काढणार, बाकी तीस. नऊशेला तीसने भाग. तीस फेऱ्या.

तीस फेऱ्यांत मेला. चहा अजून पिण्याइतका गरम होता.

शेवटच्या दहा फेऱ्या तर डेंटिस्टने फोन बघत टाकल्या.

सोमवार, ९ सप्टेंबर
रात्रभर विचार करून चूक सापडली. सिस्टिम बरोबर आहे, आकडा कमी पडला. धनी आता ९००० पॉइंटांचा. तो मेला नव्हता, दम खात होता. विजा अमर्याद. वजन तेच ठेवलं. वजनात लबाडी मला जमणार नाही.

संकल्प : बाईंना पेन्सिल द्यायची नाही.

रविवार, १५ सप्टेंबर. रात्री ८.३०
बाई पेन घेऊन आल्या.

पण आज घात केला तो मेहुण्याने. दरीवर एक झुलता पूल होता. त्याने अगदी नम्रपणे विचारलं, दाजी, या पुलाला पाटी असेल ना? मला बरं वाटलं. अकरा वर्षांत प्रथमच कोणी कामाचा प्रश्न विचारला. आहे म्हणालो, आणि मोठ्याने वाचलीही : क्षमता दोन टन.

तिघे पळत पलीकडे गेले. तिथून मेहुण्याने धन्याच्या आईवरून, रूपावरून आणि चालण्यावरून अर्धा तास टिंगल केली. राग ३८. इतका राग असलेला माणूस थांबत नाही, देव कसा थांबेल? त्याने पुलावर पाय ठेवला. चार टन.

मी म्हणालो, पूल टिकला. मेहुणा म्हणाला, "दाजी, पाटी तुम्हीच लावलीय."

माझ्या सहीची पाटी खोटी आहे असं मी म्हणू शकत नव्हतो. नऊ हजार पॉइंट दरीत गेले. एकही वापरला गेला नाही. मी तरीही बराच वेळ ओरडलो, धन्याच्या आवाजात आणि नंतर स्वतःच्या. बाईंनी अपघात-रजिस्टरात नोंद करायची का विचारलं. गंभीरपणे विचारलं असावं.

बुधवार, १८ सप्टेंबर
आवाज बसला. डॉक्टर म्हणाले, घसा सुजलाय, आठवडाभर एक शब्द बोलायचा नाही. घसा सुजण्याइतकं काय ओरडलात ते त्यांनी विचारलं. पुलाबद्दल, असं चिठ्ठीवर लिहून दिलं. त्यांनी औषध वाढवलं.

रविवारचा खेळ रद्द. माझ्याशिवाय ते जग चालणारच नाही. सगळ्यांना मेसेज केला.

शनिवार, २१ सप्टेंबर
रद्द नाही. हिला उद्या सुट्टी आहे, एक दिवस ही बसेल, असं परस्पर ठरलं. माझी हरकत नाही. लोकांना फरक कळेल. हिच्यासाठी अकरा पानी सूचना लिहिल्या. पान चारवर फासे कसे धरावेत.

रविवार, २२ सप्टेंबर. संध्याकाळी ७.००
मी आतल्या खोलीत पडून होतो. ऐकू येत होतं.

अकरा पानं तिने टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घातली. वाचून झाल्यावर घातली असावीत.

तिने धनी आणला नाही, विजा आणल्या नाहीत. एक लांब पॅसेज, शेवटी बंद दार. दारापलीकडे कोणीतरी आहे. बस्स. डेंटिस्टने विचारलं, पॉइंट किती? माहीत नाही, म्हणाली. वजन? माहीत नाही. बाईंनी विचारलं, मग आम्ही हिशेब कशाचा करायचा? ती नेहमीच्याच, हॉस्पिटलातल्या आवाजात म्हणाली, "हिशेब नको. तुम्ही आलाय कशासाठी, एवढंच त्याला विचारायचंय."

कुऱ्हाडवाल्या बाई म्हणाल्या, की आधी कुऱ्हाड खाली ठेवते. डेंटिस्टच्या मांत्रिकाला म्हणे एक भाऊ होता. अकरा वर्षांत मला कधी बोलला नाही. मेहुणा तर रडला, सर्दी असेल.

दार उघडलं नाही. दीड तास कोणी हातही लावला नाही.

मी मधे उठून खोलीच्या दाराशी उभा राहिलो. फटीतून वारा येतो का ते पाहत होतो. सव्वा तास येत होता.

मत : पद्धत अत्यंत ढिली. एकही आकडा नाही.

रविवार, २९ सप्टेंबर. संध्याकाळी ७.४०
आवाज परत आला. खुर्चीवर ही होती. तिघांनी, अर्ध्यात आहोत तर वहिनींनाच पूर्ण करू द्या, असं सुचवलं. बाईंनी तर हात धरून सांगितलं. मी परवानगी दिली. खेळाडू म्हणून बसलो. फासे टाकून माणूस तयार केला : ताकद ७, शहाणपण ५. फासे तिचे होते.

माझी पाळी आली. पॅसेज, दार. ही म्हणाली, पलीकडून आवाज येतो : तुला काय हवंय?

कागद उलटासुलटा पाहिला. तसा रकाना नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि तीही. चोवीस वर्षं रात्री ड्यूटीवरून येऊन बघते तशी, थकलेली. मनात काहीतरी आलं होतं. पण बोलताना निघालं भलतंच. म्हणालो, मला देवाची जागा हवी.

तिने क्षणभर विचार केला. "दिली," म्हणाली. "आता पलीकडे तू. कोणी दार वाजवलं तरच बोलायचं."

आज मी देव झालो. अकरा वर्षांत जे कोणाला जमलं नाही, ते पहिल्याच डावात. घरी... म्हणजे घरातच, रात्री स्वतःचे पॉइंट काढले. आयुष्य : ५०,०००. ताकद : ९९. वजन : शून्य, पुलांचा प्रश्न मिटला.

रविवार, ६ ऑक्टोबर. संध्याकाळी ६.१५
देव म्हणून पहिला पूर्ण डाव. टेबलाच्या कडेला स्टूल घेऊन बसलो. दोनपासून तयार.

ते तिघे पॅसेजमधून मागे फिरले आणि एका गावात गेले. मेहुण्याने तिथे विहीर दुरुस्त केली. डेंटिस्टला भावाचा पत्ता लागला. बाई एका खानावळीत हिशेबनीस झाल्या आणि इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. पाणी मी आणलं. देव असल्याने बोललो नाही.

चार वीसला दार वाजलं. मी सावरून बसलो, घसा साफ केला. डेंटिस्टचा मांत्रिक होता. सॉरी म्हणाला. त्याला शेजारचं दार हवं होतं.