अर्ध्या व्याकरणाची शिकवणी

११ सप्टेंबर

नातीला इंग्रजीत दहापैकी चार. सुनेने पेपर माझ्यासमोर ओट्यावर ठेवला. आपटला असता तर बरं वाटलं असतं. "आई, हा भाग तुम्ही घेतला होता ना?" एवढंच म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

शब्दाच्या शेवटी एल-वाय आलं की क्रियाविशेषण — हे मीच पोरीकडून घोकून घेतलं होतं. फ्रेंडली विशेषण निघालं. अग्लीसुद्धा. पोरीने सगळ्यांखाली विश्वासाने एकच रेघ मारली होती.

१२ सप्टेंबर

ह्यांनी आणलेलं व्याकरण काढून बघितलं. हे पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होते; तिथे पानं चुकलेली पुस्तकं रद्दीत टाकायचे. हे त्यातली माझ्यासाठी उचलून आणायचे आणि रविवारी बसून नीट शिवायचे. माझं सगळं इंग्रजी त्यातलंच. क्रियाविशेषणाच्या धड्यात उदाहरणं संपतात आणि पुढच्या पानावर एकदम उभयान्वयी अव्यय. मधल्या पानांचे आकडेच नाहीत. अपवाद त्या पानांत असणार. मला आपलं वाटायचं, धडाच एवढा आहे.

हे असते तर हसले असते. मग गप्प बसून शोधत राहिले असते, कुठल्या पुस्तकात ती पानं सापडतात का.

१३ सप्टेंबर

सोमवारपासून शिकवणीच्या बाई घरी येणार. जेवताना मुलाने सांगितलं. "तुलाही जरा आराम, आई." मी मागितला होता आराम? सून खाली मान घालून वाढत होती. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातली गत.

१५ सप्टेंबर

नात शाळेतून आली की मी भांडी विसळायची, ती पुसायची. पेला — नाम. पुसणं — क्रियापद. कसं पुसलंस? "भराभर!" हे क्रियाविशेषण.

"आई कशी बोलते?" असं मी एकदा विचारलं, तर कार्टी म्हणते, "ताडताड." दोघी ओट्याला धरून हसलो होतो.

आज भांडी मी एकटीनेच पुसली. ती आत गृहपाठ करत होती. तिला तसं सांगितलं असणार. कुणी, ते काय विचारायचं!

१८ सप्टेंबर

बाई आल्या. तरुण आहेत, शिकलेल्या आहेत. नाव ठेवायला जागा नाही, हाच राग. मला म्हणाल्या, "मावशी, जरा पाणी आणता? आणि हा पंखा पुसायचा राहिलाय वाटतं." कामवाली समजल्या. मुलगा तिथेच उभा होता. फोनमध्ये बघत होता, त्याला ऐकू गेलं नसावं.

पाणी दिलं. पंखाही पुसला, त्या गेल्यावर.

२० सप्टेंबर

सुनेशी बोलले नाही. तीही नाही. घरात दोन बायका, आणि आवाज फक्त कुकरचा.

२१ सप्टेंबर

पोर माझ्या खोलीच्या दाराशी आली. "आजी, तू रागावलीस?"

"नाही गं."

"मग शिकवत का नाहीस?"

"मला अर्धंच येतं."

"मलापण," म्हणाली, आणि आत येऊन बसली. लगेच बाहेरून हाक आली. गेली.

आईपासून लेकरू तोडतात ते ऐकलं होतं. आजीपासून तोडायला तर तेवढीही ताकद लागत नाही. सुनेला हे कधीतरी तोंडावर सांगणार आहे.

२३ सप्टेंबर

सांगितलं. सुनेने ऐकून घेतलं, मग खोलीचं दार ओढून घेतलं. "शिकवणी मी नाही लावली, आई. मी नको म्हणत होते, चार दिवस भांडले. तुमचा मुलगा म्हणाला, आई पोरीला रद्दीतलं इंग्रजी शिकवते हे कळलं तर चारचौघांत हसं होईल. परवा मला हाक मारायला लावली तीही त्यानेच."

रडायला लागली ती. मी सरकून तिला खाटेवर जागा केली.