भट्टी बंद असतानाचे तास

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची! तुमसरहून आलेली बस नाकाडोंगरीला जवळजवळ रिकामी झाली. पलीकडे जंगल, अलीकडे धानाच्या बांध्या आणि कापणीची लगबग. थेट आमच्या आसगावचा वास. नोकरी आपल्याच जिल्ह्यात मिळाली म्हणून बाबा खूश, फोनवर दोनदा तेच म्हणाले. खोली जनाबाईंकडे घेतली आहे. काकू चाळिशीच्या, एकट्या, कमी बोलणाऱ्या. सामान लावायच्या आधीच त्यांनी लाखोळीच्या डाळीचे गरम वडे पुढे केले. कुठल्या कारखान्यात लागले ते सांगितलं, तर वड्यांची ताटली तिथेच ठेवून आत गेल्या. दिवसभर शेतात होत्या, थकल्या असतील.

५ नोव्हेंबर, बुधवार

चिखल्याकडच्या खाणींमधलं मँगनीज आमच्याकडे विजेच्या भट्टीत वितळवतात. मी इथली पर्यावरण अधिकारी, आणि टेबलावर चक्क पाटी: खुशबू! मॅनेजर राजकुमार साहेब हसतमुख आहेत. मी आले म्हणून सगळ्यांना समोसे मागवले.

काम सरळ आहे. चिमणीतून किती धूर आणि धूळ निघते याचा अहवाल आजवर राज्याच्या जुन्या नियमाने जायचा. त्यात भट्टी पेटवतानाचे आणि विझवतानाचे तास धरत नसत. तेवढा वेळ भट्टी कागदावर 'बंद'. केंद्राच्या नव्या नियमात ही सूट नाही. चिमणीतलं यंत्र जे मोजेल ते सगळं थेट दिल्लीच्या सर्व्हरवर जायला हवं. दोन्हींचा मेळ मी घालायचा. कंट्रोल रूममधला कैलाश म्हणाला, मॅडम, पेटवतानीच तं सगळ्यात काळा धूर निघते. म्हटलं, म्हणूनच तर मोजायचा! मजा येणार आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

भट्टी दुरुस्तीसाठी थंड आहे, त्यामुळे जोडणी निवांत करता आली. दुपारी मी सूट काढून टाकली, म्हणजे यंत्राला 'बंद' तासही मोजायला सांगितलं. पडद्यावर शून्य यायला हवं होतं. आकडा वर गेला. खाली आला. पुन्हा वर. संथ लयीत, झोपलेल्या माणसाचा श्वास चालावा तसा.

यंत्र तपासलं, ठीक आहे. बाहेर जाऊन पाहिलं तर थंड भट्टीच्या चिमणीतून काळा धूर येत होता आणि तो वर जात नव्हता. चिमणीच्या अंगाने खाली उतरत होता. कैलाशने एकदा धुराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि जेवणाचा डबा तसाच टाकून घरी गेला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

अंगणभर काजळी. वारा कारखान्याच्या दिशेने वाहतोय आणि काजळी तिकडूनच, वाऱ्याच्या उलट येते. काकू ती झाडत नाहीत. गुराच्या पाठीवरून फिरवावा तसा तिच्यावरून हात फिरवतात.

आज विचारलं. त्यांनी सांगितलं. त्यांचा नवरा सोमाजी आणि त्याचा कामावरचा जोडीदार टिकाराम आमच्याच भट्टीवर होते. गेल्या उन्हाळ्यात पेटवताना भट्टी फुटली. दोघंही गेले, घरी आणायला काही उरलं नाही. कंपनीने पोलिसांना लिहून दिलं की त्या वेळी भट्टी बंद होती, पाहिजे तर अहवाल बघा. म्हणे दोघं दारू पिऊन शेकोटीत पडले. उन्हाळ्यात, शेकोटी!

"भट्टी बंद होती म्हनते," काकू म्हणाल्या. "मंग माह्या मानसाले काय चुलीनं जाळलं?"

धुरासाठी दिलेली सूट, आणि तिच्यात दोन जिवंत माणसं लपवली यांनी.

१७ नोव्हेंबर, सोमवार

साहेबांच्या केबिनमध्ये आज ओरडले. बाहेर सगळ्यांना ऐकू गेलं असेल, जाऊ दे. ते हसत राहिले. म्हणाले, यंत्र बिघडलंय, सूट परत लावा. मी विचारलं, त्या दिवशी भट्टी बंद होती तर आग कुठून आली? हसू गेलं. वरून निरोप आहे म्हणाले, जुनी सूट तशीच चालू द्या, दिल्लीचं आम्ही बघून घेऊ. म्हणजे नियम जुळवायचे ते असे!

मी नाही म्हटलं. ते पाठ फिरवून खिडकीशी गेले. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर एक काळा पंजा उमटला. मग दुसरा. त्यांना कळलं नाही.

मी सांगितलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

भट्टी थंडच आहे. धूर रोज. शेतात नाही, गावात नाही. फक्त कारखान्यात आणि या घरात. उशीवर काजळी, पाण्यात काजळी. खोकला थांबत नाही. कैलाशने फोन उचलला, एवढंच बोलला: तुमी त्यांले जागं केलं मॅडम, आता झोपवाले जाऊ नका. काकू म्हणतात, पोरी, तू निघून जाय. मी का जाऊ? ज्यांनी जायला हवं ते खुर्चीत —

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी साहेबांनी स्वतःच सूट लावली. आकडा शून्य. मग चिमणीतून आवाज आला. माणसांचा. पत्रे हादरले, एका गार्डच्या नाकातून रक्त —

मी सूट काढली. आवाज थांबला.

केवढा राग आहे त्यांना. मलाही आहे. त्यांचा कुठे संपतो, माझा कुठे — आता कळत नाही —

२१ नोव्हेंबर, दुपार

कंट्रोल रूम. साहेब यंत्राची वायर तोडायला चिमणीकडे गेले. नका जाऊ म्हटलं. ओरडून म्हटलं. धूर त्यांच्यावर उतरला — पळत आले — दाराला कडी होती. मीच लावलेली.

ठोठावतायत. सूट लाव, म्हणतात. एक बटण. दाबलं की कागदावर सोमाजी आणि टिकाराम पुन्हा कधी जळलेच नाहीत.

नाही दाबणार.

काच पूर्ण काळी. ठोठावणं मंद होत चाललंय. खोकतायत. बेटा म्हणाले मला — आत्ता बेटा —

मेलेल्यांना खोडणार नाही. पण जिवंत माणसाला दाराबाहेर मरू देऊन मागून तो तिथे नव्हताच म्हणायचं, ते कंपनीने करावं. मी नाही.

कडी काढते.

साहेब दारात. उभे आहेत. डोळे उघडे. काही सांगू बघतायत — तोंडातून शब्द नाही, धूर — आणि धुरातून दोन काळे हात माझ्या —