तोंडात धरलेलं दूध

बाई, आज जेवताना हसू येऊन मला जोरात ठसका लागला आणि तुमची आठवण झाली. लाखांदूरकडच्या आपल्या शाळेत मधल्या सुट्टीत पावडरचं दूध मिळायचं. आवारात तीन विटांवर दुधाचं मोठं पातेलं, आपल्याकडचा गंज, चढायचं आणि आम्ही घरून आणलेले पेले पुढे करायचो. डब्यात बहुतेकांच्या भात आणि लाखोरीचं वरण, त्यामुळे कोण काय आणतं यापेक्षा कोण काय बोलतं याचीच उत्सुकता. दुधाचा घोट तोंडात धरून गोलात बसायचं आणि एकाने बाकीच्यांना हसवायचं, हा आमचा खेळ. जो हसला त्याच्या नाकातून दूध. तुम्ही रागवायच्या, पण पदराआड तुम्हीही हसायच्या हे आम्हाला ठाऊक होतं.

आई गेली त्या वर्षी मला कुणीच हरवू शकलं नाही. दुकानदाराचा मुलगा एसटीच्या कंडक्टरची नक्कल करायचा, पोरं लोळायची, मी ढिम्म. "हे पोट्टी नाही, गोटा आहे गोटा," तो म्हणायचा. सगळ्यांना मी खेळात पक्की वाटायचे. मला मात्र भीती वाटत होती की आपल्याला आता हसताच येत नाही. घरी बाबा आणि मी समोरासमोर बसून मुकाट जेवायचो.

मग एके दिवशी तुम्ही येता आणि माझ्यासमोर फतकल मारून बसता. वर्गात पुस्तकी बोलणाऱ्या तुम्ही चष्मा उलटा लावता आणि कंडक्टरच्या आवाजात म्हणता, "सरका ना जी, मांगं जागा खाली आहे. थे बकरी घ्या मांडीवर." माझ्या नाकातोंडातून दूध उडालं, थेट तुमच्या इस्त्रीच्या पातळावर. पोरांनी एकच गलका केला आणि मी रडू लागले. आई गेलेली आणि मी हसले, याची लाज वाटली. तुम्ही पातळ न पुसताच मला जवळ घेतलंत. "कायले रडून राहिली? तुही माय असती तं तेही हासली असती."

त्या संध्याकाळी जेवताना मी बाबांना सगळं करून दाखवलं. बाबा हातातला घास तसाच धरून हसत सुटले, आणि मग आम्ही दोघंही रडलो. त्यानंतर आमच्या घरात जेवताना बोलणं सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "घरी सांगितलं का कालचं?" मी नाही म्हणाले. तुम्ही जराशा खट्टू झालात. आता हे पत्र टाकायचं तरी कुठे, तुम्हाला जाऊनही वर्षं लोटली. पण बाई, बाबांचं ते हसू मला कुणालाच द्यायचं नव्हतं. तुम्हालाही नाही.